मागच्याच्या तोंडातला चिखल

एकदा एका सायकल मंडळात मडगार्डावरून असे भांडण पेटले, की श्रावणातल्या धो धो पावसानेही ते विझेना.

राजांची भांडणे राज्यावरून होतात, भावाभावांची बांधावरून होतात; या मंडळींचे झाले ते चाकावरच्या हातभर पट्टीवरून. पण हसू नका. तुमच्या इमारतीत गाडी लावण्याच्या जागेवरून काय काय घडते, ते साऱ्या गल्लीला ऐकू येते.

मंडळ होते घाटाच्या अलीकडे वसलेल्या एका शहरात. दर रविवारी पहाटे सभासद मारुतीच्या देवळापाशी जमत, एकामागे एक रांग धरून खिंडीपर्यंत सायकली हाणत, तिथे त्याहून जोराने भजी हाणत, आणि घरी येऊन व्यायाम केल्याचे सांगत. मंडळ स्थापन केले होते नानांनी. नाना वृद्ध होते, काटकुळे होते, मितभाषी होते. मंडळात येणाऱ्या प्रत्येकाला रांग कशी धरावी, वाऱ्यात कसे वाकावे, ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा दाबावा, हे सर्व त्यांनीच शिकवले होते.

रांगेचे शास्त्र असे, की पुढचा वारा कापतो आणि मागचा त्याच्या चाकाला जवळजवळ चिकटून राहतो, म्हणजे मागच्याचे कष्ट कमी होतात. परंतु पावसाळ्यात पुढच्याचे तेच चाक रस्त्यावरचा चिखल उचलते आणि कारंज्यासारखे मागच्याच्या तोंडावर फेकते. म्हणून नानांचा दंडक होता: मृग लागण्यापूर्वी प्रत्येकाने मडगार्ड चढवायचे आणि मागच्या मडगार्डाच्या टोकाला जुन्या ट्यूबमधून कापलेली रबराची झडप लोंबती ठेवायची. डॉक्टर असो, वकील असो, झडप हवीच. दिसायला ते सगळे गाढवाच्या शेपटीसारखे दिसे. पण चाले.

एकाच सायकलीला मडगार्ड नव्हते. ती शार्दूलची.

शार्दूल हा नानांचा पट्टशिष्य. पोरगा गुणी, पायांत घोड्याचे बळ, आणि नाकावर राग असा बसलेला की माशीला तिथे जागाच नाही. यंदा त्याने शर्यतीची नवी सायकल घेतली होती. सुईसारखी बारीक, करंगळीवर तोलावी इतकी हलकी. नानांनी मृगाच्या आधी मडगार्डाची आठवण केली, तेव्हा तो म्हणाला होता, "या सायकलीला मडगार्ड? नाना, घोड्याला लुगडं नेसवतात का कुणी?"

मंडळी हसली. नाना काही बोलले नाहीत. न बोलणाऱ्या म्हाताऱ्यापासून माणसाने सावध राहावे. पण हे तरुणपणी कुणाला कळते?

त्यात नानांनी एक जाहीर करून टाकले. "माझे गुडघे आता ऐकत नाहीत. या श्रावणात मी पुढची जागा सोडणार. ती कुणाकडे जाईल, ते खिंडीत सांगेन." पुढची जागा म्हणजे रांगेचे मुख. वेग तो ठरवणार, थांबायचे कुठे ते तो ठरवणार, खड्डा दिसला की तोच ओरडणार. शार्दूलने मनातल्या मनात ती जागा घेऊनही टाकली. घरच्यांना सांगितले. सासुरवाडीलासुद्धा सांगितले. आणि सवय व्हावी म्हणून दर रविवारी तो नानांना मागे टाकून आपणच पुढे राहू लागला.

अशाच एका रविवारी कुमुदताई पडल्या.

कुमुदताई शाळेत चित्रकला शिकवत. त्या दिवशी त्या शार्दूलच्या लगेच मागे होत्या. रस्ता पावसाळ्यापूर्वी नवा झाला होता. म्हणजे पावसाळ्यात तो गेला होता. शार्दूल "खड्डा!" म्हणून ओरडला, हातही दाखवला. पण ताईंच्या डोळ्यांत त्याच्याच चाकाचा चिखल गेला होता. चाक खड्ड्यात, ताई रस्त्यावर, आणि उजवे मनगट प्लास्टरमध्ये. चित्रकलेच्या बाईंचे उजवे मनगट.

त्यानंतरच्या रविवारी देवळापाशी सायकली कमी आणि आवाज जास्त होते. ताई भावाच्या स्कूटरवर मागे बसून आल्या होत्या. हात गळ्यात बांधलेला, चेहरा संतापाने तांबडा.

"मी चालवायला आलेली नाही," त्या म्हणाल्या. "मला फक्त याच्या तोंडून ऐकायचं आहे, की चूक कुणाची."

"माझी कशी?" शार्दूल उसळला. "मी ओरडलो होतो. हात दाखवला होता. रांगेतल्या कुणालाही विचारा!"

"मला दिसत नव्हतं रे! तुझा चिखल होता डोळ्यांत."

"मग अंतर ठेवायचं. अंतर ठेवायला मी अडवलं होतं का तुम्हाला?"

यावर भांड्यांचे व्यापारी पोपटशेठ मध्ये पडले. त्यांचे पोट सायकलीच्या दांडीवर टेकत असे आणि जीभ कुठेच टेकत नसे. "वजन वाढतं म्हणे मडगार्डानं! शार्दूलराव, रात्री एक भाकरी कमी खा आणि लावा की ते मडगार्ड."

"शेठ, तुम्ही वजनावर बोलू नका."

"का नको? मी सगळं वजन उघड बाळगतो. मागच्याच्या तोंडावर फेकत नाही."

हशा पिकला, आणि शार्दूलचा तोल गेला. तो म्हणाला, "ठीक आहे. मग ऐका. पुढची जागा माझी आहे, आणि हे सगळ्यांना ठाऊक आहे. नसेल द्यायची तर आज खिंडीत तसं स्पष्ट सांगा. ज्यांना खरोखर सायकल येते त्यांना घेऊन मी वेगळं मंडळ काढतो. उरलेल्यांनी झडपा लावून भाजी आणायला जावं."

यावर दोन-तीन चपळ पोरे त्याच्या बाजूला सरकली. बाकीचे दुसऱ्या बाजूला. मध्ये पावसाचे पाणी वाहत होते. इतक्या वर्षांची रांग देवळाच्या दारात मधोमध फाटायच्या बेतात होती.

नाना तेवढा वेळ आपल्या सायकलीची साखळी पुसत होते. जुनी, काळी, बैलासारखी जड सायकल. दोन्ही चाकांवर मडगार्ड, मागे कॅरियर, कॅरियरला पिशवी. त्यांनी फडके पिशवीत ठेवले आणि शार्दूलकडे पाहिले.

"तुझी सायकल मला दे," ते म्हणाले. "तू माझी घे."

शार्दूलला वाटले, आपण चुकीचे ऐकले.

"का?"

"मला चालवून बघायची आहे. उंची आपली सारखीच आहे. मी पुढे. तू माझ्या मागे. तुझ्या मागे बाकीचे."

"पण नाना, ती..."

"घोड्यावर एकदा म्हाताऱ्यालाही बसू दे की."

आता आपल्या गुरूला सायकल नाही म्हणणे शक्य नव्हते, आणि हो म्हणताना त्याच्या जिवाचे पाणी होत होते. नाना टांग टाकून त्या सुईवर बसले आणि सुटले. कसे सुटले म्हणता! गुडघे ऐकत नाहीत म्हणणारा तो म्हातारा, सायकल हलकी मिळताच पोरासोरांसारखा वाकून जाऊ लागला. ताईंची स्कूटर मागून कडेने येऊन पुढे निघून गेली. शार्दूलने काळ्या बैलावर मांड ठोकली आणि नानांचे चाक धरले.

शहराची शेवटची घरे मागे पडली आणि पहिला फटकारा आला.

थेट तोंडात. त्यात माती होती, डिझेल होते, आणि नुकत्याच गेलेल्या म्हशींच्या कळपाची आठवण होती. तो थुंकला. दुसरा फटकारा डोळ्यांवर आला. तिसरा नाकात. मग मोजणे संपले. ती एक अखंड धारच झाली. त्याने मान डावीकडे केली, नाना डावीकडे गेले. उजवीकडे केली, नाना उजवीकडे.

'मुद्दाम करतोय,' शार्दूल मनात म्हणाला. 'थेरडा मुद्दाम करतोय!' गुरूला थेरडा म्हणू नये, पण तोंडात शेण असताना माणसाच्या मनात स्तोत्रे येत नाहीत.

"नाना!" तो ओरडला. "चिखल उडतोय!"

नाना मागे न बघता ओरडले, "मग अंतर ठेव!"

त्याच्या कानशिलांत रक्त सळसळले. बरे, ठेवतो अंतर! त्याने पाय सैल सोडले. धार थांबली, तोंड मोकळे झाले. आणि त्याच क्षणी पश्चिमेचा वारा भिंतीसारखा छातीवर आला. सायकल जड, वारा समोरून. बघता बघता नाना लांब गेले.

मागून पोपटशेठ बोंबलले, "अरे, तुटू नकोस! तू तुटलास की तुझ्यामागचे आम्ही सगळे तुटलो! चिकट, चिकट!"

शार्दूल दात ओठ खात पुन्हा पुढे गेला. फुप्फुसे फाटायला आली तेव्हा कुठे नानांचे चाक हाताशी आले. चाक हाताशी आले आणि धार पुन्हा तोंडावर सुरू झाली. आता ती त्याच्यावर कुणी लादली नव्हती. तो आपल्या पायांनी तिच्याकडे गेला होता. त्यामुळे राग निम्मा व्हायला हवा होता, तो दुप्पट झाला.

त्याने पुन्हा एकदा अंतर ठेवून पाहिले. पुन्हा वारा आला. पुन्हा शेठ बोंबलले. पुन्हा तो चिखलात परतला.

आणि मग पुढून आवाज आला, "खड्डा!"

आवाज ऐकू आला. पण कुठे? डावीकडे की उजवीकडे? नानांनी हात नक्की दाखवला असणार. मंडळाची रीतच ती. पुढचा ओरडतो, ज्या बाजूला खड्डा त्या बाजूचा हात खाली करतो. मागचा तेच करून आपल्या मागच्याला दाखवतो. अशी खूण हातोहात शेपटापर्यंत जाते. पण शार्दूलला हात दिसलाच नाही. डोळ्यांपुढे तपकिरी पडदा होता. तो अंदाजाने डावीकडे वळला, आणि खड्डा डावीकडेच होता.

काळ्या बैलाने तो दणका पोटात घेतला. त्या सुईसारख्या सायकलीवर असता तर ती मोडली असती, आणि तिच्याबरोबर बरेच काही. हँडल हातातून सुटता सुटता राहिले. तो सावरतो न सावरतो तोच पाठीमागे धबाल् असा आवाज झाला आणि पोपटशेठ ज्या भाषेत बोलू लागले, ती इथे देणे प्रशस्त नाही.

"हात का नाही दाखवलास रे मेल्या? हात दाखवायला काय पैसे पडतात?"

हात! हात दाखवायचा राहूनच गेला होता. ज्याला स्वतःला दिसले नाही, तो मागच्याला काय दाखवणार?

शेठ पडले नाहीत. त्यांचे वजन त्या दिवशी कामी आले. पण त्यांच्या मागच्या दोघी कशाबशा वाचल्या. शार्दूलने ते पाहिले नाही. त्याला पुढची, चिखलाने काळी झालेली पाठ आणि चिखल उडवणारे चाक, एवढेच दिसत होते. घाट लागला, वेग मंदावला, धार थांबली. त्याचा राग मात्र वळणावळणाने वर चढत राहिला.

खिंडीतल्या टपरीपाशी तो उतरला तेव्हा त्याला त्याच्या आईनेही ओळखले नसते. ओळखू येत होता तो फक्त आवाज.

"नाना!" तो कडाडला. टपरीवाल्याचा झारा कढईत थबकला. "आजवर तुम्हाला उलटून बोललो नाही. पण हे काय होतं? सगळ्यांदेखत माझी फजिती करायची होती ना? सांगायचं होतं तोंडानं! डोळे गेले असते माझे! मान मोडली असती! मागचे दहाजण माझ्यावर कोसळले असते! तुम्हाला हसू येतंय?"

नानांना हसू येत नव्हते. ते शांतपणे ऐकत होते. सायकल त्यांनी टपरीच्या खांबाला नीट टेकवून ठेवली होती.

शार्दूल ओरडता ओरडता दोन्ही मुठींनी डोळे चोळू लागला.

"चोळू नकोस!"

हा आवाज कुमुदताईंचा होता. त्या टपरीच्या बाकावरून उठून आल्या होत्या. राग अजून चेहऱ्यावर तसाच होता. टपरीवरचा पाण्याचा तांब्या त्यांनी डाव्या हाताने उचलला. "चोळू नकोस म्हणते ना. त्यात बारीक खडी असते. मी चोळले होते. मनगटाआधी डोळ्याच्याच डॉक्टरकडे जावं लागलं होतं. ओंजळ कर."

त्याने ओंजळ केली. त्या ओतत राहिल्या, तो डोळ्यांवर मारत राहिला. डाव्या हाताने ओतताना पाणी अर्धे बाहेर सांडत होते. तांब्या रिकामा झाला तेव्हा नानांनी विचारले,

"मी तुला अंतर ठेव म्हणालो होतो की नाही?"

"ठेवलं होतं!"

"मग परत चिखलात का आलास?"

"तुटलो असतो म्हणून! वारा होता समोरून. मी तुटलो असतो तर मागचे सगळे..."

तो थांबला. त्याची नजर ताईंकडे गेली आणि तिथून रिकाम्या तांब्याकडे वळली.

मग नाना बोलले. आवाज चढवला नाही. पण जे त्यांना वर्षानुवर्षे ओळखत होते, त्यांना तेव्हा कळले की हा मनुष्य सकाळपासून सर्वांत जास्त संतापलेला होता.

"तुटू नये म्हणून ती चिखल खात होती. तू तिला म्हणालास, अंतर ठेवायचं. जणू ती हौसेनं तुझ्या चाकामागे बसली होती. अरे, मागच्याला दोनच गोष्टी मिळतात: चिखल किंवा एकटेपण. त्यातलं काय घ्यायचं ते तो ठरवतो, आणि त्यालाच आपण वर सांगतो, तुझं तू बघ. तुझ्या सायकलीवर मी एक तास पुढे होतो, शार्दूल. पाठ माखली, पण डोळ्यांत काही गेलं नाही. नजर साफ, समोर मोकळा रस्ता. फार सुख आहे त्या जागेत. मागे काही चुकतंय असं तिथून वाटतच नाही. आणि हा राग आलाय ना तुला, तो टाकून देऊ नकोस. तो खरा आहे. पण तो तुझा नव्हे, कुमुदचा आहे. सकाळी देवळापाशी ती तो तुझ्यासमोर धरून उभी होती. तुला दिसला नाही. तोंडात गेला तेव्हा चव कळली."

टपरीवाल्याने झारा हळूच हलवला. भजी करपायला आली होती. ज्ञानाच्या नादात भज्यांकडे दुर्लक्ष होऊ नये, एवढे त्याला कळत होते.

शार्दूलने मान खाली घातली नाही. तो वादाला अजून तयार होता. तोंड उघडलेही होते. पण दातांखाली काहीतरी करकरले. त्याने तोंड मिटले.

"आता जागेचं," नाना म्हणाले. "तू मागितलीस. मी सांगणार होतो, सांगतो. उतरताना तूच पुढे. ही घे तुझी सायकल."

"नाना!" पोपटशेठ किंचाळले. "अहो, उतारावर तर दुप्पट उडेल! हा कसला न्याय?"

"मी देतोय," नाना म्हणाले. "घ्यायची की नाही, तो त्याचा प्रश्न."

मंडळींनी कुरकुरत भजी संपवली. पाऊस थांबला होता, रस्ता मात्र उतारभर वाहत होता. शार्दूलने आपली सायकल घेतली आणि टपरीपुढे रस्त्यावर आणून उभी केली. त्याच्या मागे एकेक जण येऊन थांबला. हवी होती ती जागा त्याच्या पायांखाली होती. समोर धुके, वळण, आणि त्याच्या इशाऱ्याची वाट पाहणारी रांग.

इशारा देण्यासाठी त्याने मागे पाहिले.

लगेच मागे पोपटशेठ होते. शेठ काही बोलत नव्हते, हेच मुळात नवल होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला होता आणि तो नाकातोंडावर घट्ट बांधत होते. कुणी सांगितले म्हणून नव्हे, आणि चिडवण्यासाठीही नव्हे. मागे बसायचे तर बांधावा लागतो, एवढ्याचसाठी. त्यांच्या मागची बाई चष्म्यावर ओढणीचे टोक धरता येते का ते पाहत होती. त्या मागच्याने तर डोळे आधीच बारीक केले होते.

शार्दूल बराच वेळ तसा मागे बघत उभा राहिला.

मग तो सायकलीवरून उतरला. तिला हाताने धरून रांगेच्या कडेकडेने चालू लागला. शेठना ओलांडले, त्या बाईला ओलांडले, आपल्या बाजूच्या त्या दोन-तीन चपळ पोरांना ओलांडले. एकाने विचारले, "काय झालं? पंक्चर?" शार्दूल चालतच राहिला. तो शेवटच्या सायकलीच्याही मागे जाऊन थांबला.

तिथे कुमुदताईंच्या भावाने स्कूटर सुरू करून ठेवली होती. ताई मागे बसल्या होत्या, गळ्यातला हात पोटाशी धरून.

"ताई," शार्दूल म्हणाला. "तुम्हीपण पुढे व्हा. माझ्या मागे कुणी नको."

ताईंनी त्याच्याकडे पाहिले. मग भावाच्या खांद्यावर डाव्या हाताने थोपटले. स्कूटर त्याला वळसा घालून पुढे गेली.

रांग उतरू लागली. सर्वांत मागून शार्दूल निघाला. त्याच्या चाकातून चिखलाची धार उंच उडत होती आणि मोकळ्या रस्त्यावर पडत होती.

तुमच्या मागे कोण येते, ते तुम्हाला ठाऊक असेलच. त्याच्या तोंडात काय जाते, ते एकदा विचारून पाहा.